पहिल्या क्रमांकाचा वैमानिक

मुलांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात असेल. कोणाचे अब्बा कुवेतला, कोणाचे मामू दुबईला, कोणाचा भाऊ सौदी अरेबियात. पेण घ्या, रोहा घ्या, मुरूड किंवा म्हसळा घ्या, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. आज तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोलता. फोनवर त्यांचा चेहराही पाहता. माझ्या लहानपणी असे नव्हते. तेव्हा पत्राची वाट पाहावी लागे.

लिफाफ्याच्या कडेला लाल आणि निळ्या तिरक्या पट्ट्या असत. पोस्टमन गल्लीत शिरला की तो लिफाफा लांबूनच ओळखू येई. माझ्या दादीला वाचता येत नव्हते, पण पत्र हातात आले की ती आधी लिफाफ्यावरचा शिक्का मला वाचायला सांगे आणि बोटांवर दिवस मोजी. आठ-दहा दिवसांत आले असेल तर तिचा चेहरा खुले. जास्त दिवस लागले असतील तर पत्रात सगळी खुशाली असूनही तिचे समाधान होत नसे. पत्र किती दिवसांचे शिळे आहे, यावर तिची काळजी ठरे.

हे पत्र विमानाने येत असे. आपल्या देशात विमानाने नियमित टपाल पोहोचवण्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले, त्या जे. आर. डी. टाटा यांची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. त्यांचे पूर्ण नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. घरातले आणि मित्र त्यांना जे या एका अक्षराने हाक मारत. मोठे कारखानदार म्हणून जगाला ते माहीत आहेत. पण त्यांचे मन कारखान्यापेक्षा विमानात अधिक रमत असे.

29 जुलै 1904 रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी हे उद्योगपती जमशेटजी टाटा यांच्या नात्यातले. आई सुझान फ्रेंच होती. लग्नानंतर तिने सूनी हे नाव घेतले. पाच भावंडांत जे दुसरे. वडिलांच्या व्यवसायामुळे हे कुटुंब कधी पॅरिसला, कधी मुंबईला, तर कधी जपानमधील योकोहामा शहरी राहत असे. त्यामुळे मुलांची शाळा सारखी बदले. घरात बोलायची भाषा फ्रेंच. इंग्रजी कच्चे राहिले, म्हणून पुढे त्यांना ते सुधारण्यासाठी मुद्दाम इंग्लंडला ठेवावे लागले. दुसरी भाषा शिकताना जीभ कशी अडखळते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नकोच!

फ्रान्समध्ये आर्देलो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. टाटा कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहायला जाई. शेजारी लुई ब्लेरिओ यांचे घर होते. हे ब्लेरिओ म्हणजे 1909 मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक. त्यांचे विमान कधी कधी थेट वाळूवर उतरे. लाकूड, कापड आणि तारा यांचे ते यंत्र घरघर करत आकाशातून खाली येताना लहानगा जे पाहत उभा राही. पंधरा वर्षांचा असताना त्याच किनाऱ्यावरून त्याला विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली. आपण वैमानिक व्हायचे, हे तेव्हापासून त्याच्या मनात पक्के झाले.

मात्र मनात येईल तसे सगळे घडले नाही. विसाव्या वर्षी त्यांना फ्रान्सच्या सैन्यात एक वर्ष सक्तीची नोकरी करावी लागली, कारण तेव्हा ते फ्रान्सचे नागरिक होते. नंतर केंब्रिज विद्यापीठात शिकावे अशी त्यांची फार इच्छा होती. वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले आणि 1925 च्या डिसेंबरात टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवले. पुढच्याच वर्षी वडील वारले. आई त्याआधीच गेली होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी घराचा भार अंगावर आला आणि कॉलेजचे शिक्षण राहूनच गेले. याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. रात्री पुस्तके वाचून त्यांनी ती उणीव भरून काढली.

रोह्याच्या मुलांना टाटा हे नाव दुसऱ्याच कारणाने माहीत असेल. कुंडलिका नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असते. ते येते भिऱ्याच्या वीजघरातून. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली आणून तेथे वीज तयार करतात. टाटांचे हे वीजघर 1927 मध्ये सुरू झाले. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तीही गोष्ट याच नदीची आहे. भिऱ्याची चक्रे फिरू लागली तेव्हा जे. आर. डी. मुंबईच्या कचेरीत कामाचे धडे गिरवत होते आणि विमान शिकायला कोठे मिळेल याचा शोध घेत होते.

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला, तसे ते तिकडे धावले. जेमतेम पावणेचार तास शिक्षकाबरोबर उडाल्यावर त्यांनी एकट्याने विमान उडवले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता 1. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व सोडले.

परवाना हा शब्द आपल्या उर्दूतही आहे. उर्दूत परवाना म्हणजे परवानगीचा कागद, आणि परवाना म्हणजे शमेवर झेप घेणारा पतंगही. गंमत अशी, की जे. आर. डी. ज्या विमानांत बसले त्यांची नावे जिप्सी मॉथ, पुस मॉथ, लेपर्ड मॉथ अशी होती. इंग्रजीत मॉथ म्हणजे पतंगच. ही विमाने बनवणाऱ्या इंग्रज कारखानदाराला पतंग आणि फुलपाखरे गोळा करण्याचा छंद होता, म्हणून त्याने ही नावे ठेवली. परवाना मिळालेला माणूस परवान्यातच बसून उडाला, असे म्हणायला हरकत नाही.

आता एका शर्यतीची गोष्ट ऐका. आगाखान यांनी 500 पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जो भारतीय वैमानिक इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठरलेल्या मुदतीत एकट्याने पुरा करील आणि त्यात पहिला येईल, त्याला ते मिळणार होते. तिघे जण पुढे आले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. अस्पी तर अवघे सतरा वर्षांचे! ते इंग्लंडहून भारताकडे निघाले, तर जे. आर. डी. मे 1930 मध्ये कराचीहून इंग्लंडकडे निघाले. बरोबर सहकारी नाही, वाट सांगणारा रेडिओ नाही. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी नदी किंवा रेल्वेचे रूळ, यांच्याच आधाराने वाट काढायची.

मिसर देशात अबूकीर नावाचे ठिकाण आहे. जे. आर. डी. तेथे उतरले, तर अस्पी तेथेच अडकून पडलेले! त्यांच्या इंजिनाला नवे स्पार्क प्लग हवे होते. स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा छोटासा भाग. तुमच्या घरच्या स्कूटरमध्येही तो असतो. तो बिघडला की इंजिन धडपणे चालत नाही. जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होते.

तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते? मला तर खात्री देता येत नाही. शर्यत चालू आहे, प्रतिस्पर्धी अडकला आहे, आणि आपण एक शब्दही खोटा न बोलता नुसते पुढे निघून जाऊ शकतो. त्यात नियमाविरुद्ध काही नाही. जे. आर. डीं.नी आपले प्लग अस्पींना दिले. अस्पींनी त्यांना बदल्यात आपले जीवरक्षक जाकीट दिले, कारण त्यांना पुढे समुद्र ओलांडायचा होता. दोघे विरुद्ध दिशांना उडाले. जे. आर. डी. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर उतरले तेव्हा त्यांना कळले, की अस्पी थोडक्या वेळाने आधी कराचीला पोहोचले आहेत. मनमोहन सिंगांचा प्रवास आधीच पुरा झाला होता, परंतु तो मुदतीत बसला नाही. बक्षीस अस्पींना मिळाले. या यशाच्या बळावर अस्पींना हवाई दलात शिरकाव मिळाला आणि 1960 मध्ये ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले. जे. आर. डीं.ना या निकालाचा आनंदच वाटत असे.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक भारतात आले होते. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि ब्रिटिश हवाई दलात काम केलेले. त्यांच्याजवळ एक योजना होती. इंग्लंडचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येत असे. पुढे मुंबई आणि मद्रासला ते रेल्वेने जाई आणि त्यात बरेच दिवस जात. हे टपाल कराचीहून विमानाने का नेऊ नये? व्हिन्सेंट आणि जे. आर. डी. यांनी ही योजना टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांच्यापुढे मांडली. दोराबजी आधी राजी नव्हते. समजूत घातल्यावर त्यांनी होकार दिला. सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. तरीही 1932 मध्ये करार झाला. त्या वेळी कराची आणि मुंबई एकाच देशात होती, हे लक्षात ठेवा.

15 ऑक्टोबर 1932. कराचीच्या विमानतळावरून पहाटे एक पुस मॉथ विमान उडाले. आत एकटे जे. आर. डी. आणि त्यांच्या मागे सुमारे 25 किलो टपालाच्या थैल्या. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घ्यायचे होते. पेट्रोलचे डबे तेथे बैलगाडीतून आणलेले होते. एकीकडे विमान आणि त्याच्या शेजारी बैलगाडी! डबे ओतून झाले आणि विमान पुन्हा उडाले. दुपारी दोन वाजायच्या आत ते जुहूला उतरले. व्हिन्सेंट तेथे तयारच होते. मद्रासच्या थैल्या घेऊन ते बेल्लारीच्या वाटेने निघाले.

जुहूचा विमानतळ तो केवढा? समुद्रालगतची चिखलाची सपाट जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात तेथे पाणी भरे. आपल्या खाडीकाठची खाजण जमीन तुम्ही पाहिली आहे, तेथे जुलैत सायकल तरी चालते का? म्हणून पावसाळ्यात विमाने पुण्याला नेत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर उतरवत. कोकणचा पाऊस, सह्याद्रीवरचे ढग, आणि विमानात वाट दाखवणारे साधन काहीही नाही. अशा स्थितीत दोन छोटी विमाने आणि मोजकी माणसे यांच्या जोरावर काम चालले होते. तरीही टपाल चुकले नाही. वेळेवर टपाल पोहोचवण्यात या छोट्या कंपनीने असे नाव काढले, की सरकारी अधिकाऱ्यांनीही तिचे उदाहरण इतरांपुढे ठेवले.

मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. थैलीत काय आहे, हे वैमानिकाला माहीत नसते. एखाद्या थैलीत व्यापाऱ्याचा हिशेब असेल, एखादीत कोणाच्या मृत्यूची बातमी असेल, एखादीत माझ्या दादीसारख्या कोणा आईसाठी चार ओळी असतील. वैमानिकाने फक्त ती वेळेवर न्यायची. जे. आर. डीं.ना वेळ चुकलेली अजिबात खपत नसे.

पुढची वर्षे भराभर सांगतो. टपालाबरोबर प्रवासीही येऊ लागले. 1938 मध्ये, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, जे. आर. डी. टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, कापड, रसायने असे कितीतरी उद्योग त्यांच्या हाती आले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. आपल्या भागातून कर्करोगाचे रुग्ण आजही तेथेच जातात. डॉ. होमी भाभा यांनी विज्ञान संशोधनासाठी संस्था मागितली, तिला त्यांनी पाठबळ दिले आणि 1945 मध्ये ती उभी राहिली. व्हिन्सेंट मात्र हे सारे पाहायला राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, भारताकडे परतताना त्यांचे विमान नाहीसे झाले.

1946 मध्ये टाटांच्या विमान कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. 8 जून 1948 रोजी तिचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला गेले. जे. आर. डी. त्या विमानात होते. स्वतंत्र होऊन एक वर्षही न झालेल्या देशाचे विमान लंडनला उतरत होते!

1953 मध्ये सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. याला राष्ट्रीयीकरण म्हणतात. जे. आर. डीं.ना हे पटले नव्हते आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले होते. जी कंपनी आपण चिखलाच्या मैदानावर उभी केली, ती हातातून गेली. पंडित नेहरूंच्या सरकारने त्यांना एअर इंडियाचे अध्यक्ष व्हा असे सांगितले. दुसरा एखादा रुसून घरी बसला असता. जे. आर. डीं.नी अध्यक्षपद स्वीकारले आणि पगार मात्र घेतला नाही. पंचवीस वर्षे त्यांनी हे काम असेच केले.

ते प्रवासी म्हणून विमानात बसत तेव्हा सगळीकडे त्यांची नजर फिरत असे. खुर्ची नीट मागे झुकते की नाही, जेवण कसे आहे, चहाचा रंग कॉफीसारखा काळपट का दिसतो, या सगळ्याची ते नोंद करत आणि परतल्यावर अधिकाऱ्यांना लांबलचक पत्रे लिहीत. एवढा मोठा माणूस चहाच्या रंगाची चौकशी करतो, याचे काहींना हसू येई. पण त्यांच्या काळात एअर इंडियाची गणना जगातल्या चांगल्या विमानसेवांत होत होती.

1 जानेवारी 1978 रोजी एअर इंडियाचे एक विमान मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 माणसे गेली. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून काढले. सरकारी पत्र हाती येण्यापूर्वीच त्यांना ही बातमी दुसऱ्याकडून कळली. हे त्यांना फार लागले. कामगारांनाही लागले. 1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांना संचालक मंडळात परत घेण्यात आले, पण अध्यक्षपद मिळाले नाही. आले त्या जागेवर त्यांनी काम केले.

15 ऑक्टोबर 1982 रोजी पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. जे. आर. डी. तेव्हा 78 वर्षांचे होते. हृदयाचे दुखणे मागे लागले होते. तरी त्यांनी ठरवले, की हा प्रवास पुन्हा एकट्याने करायचा. लेपर्ड मॉथ हे जुने छोटे विमान दुरुस्त करून घेतले. आता मध्ये दोन देशांची सरहद्द होती. कराचीहून ते निघाले, पूर्वीसारखेच अहमदाबादला उतरले आणि संध्याकाळच्या आत जुहूला आले. मैदानावर मोठी गर्दी जमली होती. नव्या पिढीच्या मनात काहीतरी धाडस करण्याची उमेद जागावी, म्हणून हा खटाटोप केला, असे त्यांचे म्हणणे होते.

1990 मध्ये कुवेतवर इराकने हल्ला केला. तेथे अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनच्या अम्मान शहरातून परत आणण्यात आले. एअर इंडियाने 488 उड्डाणे करून एक लाखाहून अधिक लोकांना मायदेशी पोहोचवले. त्यांत कोकणातलेही पुष्कळ होते. एखादे कपड्याचे बोचके घेऊन, कमावलेले सगळे मागे टाकून ते आले. तुमच्या मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना ते दिवस आठवतील. जे. आर. डी. तेव्हा एअर इंडियात नव्हते, परंतु ती विमानसेवा त्यांच्याच हाताखाली घडलेली होती.

1992 मध्ये भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब दिला. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. ज्या पॅरिसमध्ये ते जन्मले, तेथेच आईवडिलांजवळ त्यांचे दफन झाले.

27 जानेवारी 2022 रोजी सरकारने एअर इंडिया टाटा समूहाला विकून परत सोपवली. त्या वेळी जे. आर. डीं.ना जाऊन 28 वर्षे झाली होती.